सुईची भीती आणि सुयांची पट्टी



आमची पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे लसीला आमच्या तोंडी पटकन ‘टीका’ हाच शब्द येतो. मराठीत टीका म्हणजे दोष दाखविणे. मुलांच्या लेखी मात्र फरक फारसा नाही, दोन्ही टोचतात!

2019 साली मध्य प्रदेशात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली. त्या दिवशी आमचे निम्मे वर्ग रिकामे होते. कोणाचे पोट दुखत होते, तर कोणाच्या घरी अचानक पाहुणे आले होते. रांगेतल्या पाचवीच्या एका मुलीने मात्र विचारले, “औषध आत जायला सुई एवढी लांब कशाला लागते?”

प्रश्न बिनतोड होता. औषधाची खरी वाट अडवतो तो कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग! तेवढा ओलांडला की पुष्कळ काम झाले. ही कल्पना 1976 च्या एका अमेरिकन पेटंटात आहे. पण इतक्या बारीक सुया घडविणे साधले ते पुढे. 1998 मध्ये जॉर्जिया टेकचे मार्क प्राउस्निट्झ व सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म सुयांनी त्वचेतून औषध जाण्याचा मार्ग मोकळा होतो, हे दाखविले.

आता अशा सुयांची छोटी पट्टी बनते. सुया एक मिलिमीटरपेक्षाही लहान असल्याने दुखणे अगदी कमी. काही पट्ट्यांत सुया औषधाच्याच असतात. त्या त्वचेत विरघळतात, मागे टोकदार काही उरत नाही. गोवराची नेहमीची लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते, द्रवात मिसळल्यावर काही तासांत संपवावी लागते. पट्टीत मिसळण्याची भानगडच नाही. दूरच्या पाड्यावरील बाळासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

आफ्रिकेतील गांबिया देशात 45 प्रौढ, 120 मोठी बालके आणि 120 तान्ही बाळे यांच्यावर गोवर-रुबेलाच्या पट्टीची चाचणी झाली. निष्कर्ष 2024 मध्ये ‘द लॅन्सेट’ मध्ये आले. पट्टी लावलेल्या तान्ह्या बाळांपैकी 90 टक्क्यांहून अधिक बाळांत एकाच मात्रेने गोवराविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली.

तरीही ही पट्टी अजून नियमित लसीकरणात आलेली नाही. मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत. तिच्यात मावणारे औषधही थोडेच असते. म्हणून पट्टीची वाट पाहत आजची लस टाळू नये. गोवर कोणासाठी थांबत नाही.

पालकांना एकच विनंती. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील” हे वाक्य घरातून हद्दपार करावे. सुई क्षणभर दुखते. आपण घातलेली भीती मात्र मुलाला पुढे वर्षानुवर्षे दवाखान्यापासून दूर ठेवते.