एक रिपोर्ट, दोन प्रश्न

‘अवशेष’ हा शब्द आपल्याला शाळेत भेटतो तो किल्ल्यांच्या धड्यात. बुरुजाचे अवशेष, तटबंदीचे अवशेष वगैरे. माझं मात्र गेली कित्येक वर्षं या शब्दावरच पोट चाललंय. पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी फळं-भाज्यांमधले कीटकनाशकांचे अवशेष मोजते. कुठल्याही पार्टीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग सांग ना, द्राक्षं खायची की नाही?’ लग्नाच्या पंगतीत डॉक्टर सापडला की लोक त्याला गुडघा दाखवतात ना, तसंच.

उत्तर एका शब्दात हवं असतं. आणि माझी पंचाईत तिथेच होते. कारण आमच्या मशीनमधून उत्तर येत नाही, आकडा येतो. तो आकडा नेमका कशाकशाचा, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. म्हणजे ‘अवशेष’ कशाला म्हणायचं याची चक्क व्याख्या असते. प्रत्येक औषधाची वेगळी. आणि गंमत म्हणजे कित्येकदा एकाच औषधाच्या दोन!

हे दोन व्याख्यांचं प्रकरण मला पुस्तकापेक्षा घरात जास्त नीट कळलं. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती आप्पा बघतात. ताई लग्नानंतर वाकडला राहते, तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि द्राक्षं म्हणजे त्याचा जीव की प्राण. दर सीझनला दोघांचाही मला फोन येतो. आप्पा विचारतात, ‘रिपोर्ट पास आहे ना गं?’ ताई विचारते, ‘पिल्लूला द्राक्षं देऊ ना?’ दोघांनाही वाटतं, आपण एकच गोष्ट विचारतोय. पण तसं नाहीये.

आप्पांचा प्रश्न कायद्याचा आहे. औषध नियमाप्रमाणे मारलंय का, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत माल बसतो का? ताईचा प्रश्न पोटाचा आहे. तोंडात गेल्यावर शरीराला काय काय झेलावं लागणार? पहिल्यासाठी अंमलबजावणीची व्याख्या, दुसऱ्यासाठी धोक्याच्या हिशेबाची.

आता दोन कशाला, एकीनं भागत नाही का? तर फवारलेलं औषध पानावर आहे तसं गुपचूप बसून राहत नाही. ऊन, पाऊस आणि झाडाचा स्वतःचा कारखाना त्याची मोडतोड करतो. एकाची चार रूपं होतात. काही निरुपद्रवी, काही मूळ औषधाइतकीच तापट, तर काही त्याच्याही वरताण. उदाहरणार्थ, अॅसिफेट हे आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं कीटकनाशक. झाडात त्याच्यातून मेथामिडोफॉस तयार होतं आणि ते अॅसिफेटपेक्षा जास्त विषारी असतं. म्हणजे ‘अॅसिफेट किती?’ एवढंच विचारलं तर बापाची चौकशी झाली, पण मुलगा मागच्या दारानं पसार!

ही रूपं शोधायची पद्धत सॉलिड आहे. औषधाच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन बसवतात, ते पिकावर फवारतात आणि मग तो कार्बन कुठे कुठे पोचला याचा माग काढतात. अशी सगळी कुंडली हातात आली की व्याख्या ठरवायला बसतात. जागतिक पातळीवर हे काम एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांची संयुक्त तज्ज्ञ बैठक करते. अंमलबजावणीसाठी त्यांना असा पदार्थ हवा असतो, जो बहुतेक पिकांत सापडेल आणि साध्या, स्वस्त चाचणीत पकडता येईल. रोज शेकडो नमुने तपासायचे तर तेच परवडतं. धोक्याचा हिशेब करताना मात्र विषारी असलेलं प्रत्येक रूप जमेस धरावं लागतं, मग ते मोजायला कितीही किचकट असो. आमच्याकडे मिलीबगसाठी मारतात त्या स्पायरोटेट्रामॅटचंच बघा. कोडेक्सच्या व्याख्येत नियमपालनासाठी मूळ औषध आणि त्याचं ‘ईनॉल’ नावाचं एक रूप मोजलं की झालं. आहाराचा हिशेब मांडताना त्यात आणखी रूपं मिळवली जातात.

हा सगळा कागदी खेळ वाटत असेल, तर कॅलिफोर्नियातली १९८५ ची गोष्ट सांगते. चार जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. लोकांनी झकास कलिंगडं कापली आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, घाम, थरथर. हजाराहून जास्त लोकांच्या तक्रारी आल्या. कलिंगडावर ज्याला परवानगीच नव्हती, ते अल्डिकार्ब नावाचं कीटकनाशक त्यात गेलं होतं. पण फळात सापडत होतं ते मुख्यतः अल्डिकार्ब सल्फॉक्साइड, म्हणजे त्याचं बदललेलं रूप. मूळ अल्डिकार्ब फार काळ टिकतच नाही. त्या कलिंगडात फक्त मूळ औषध शोधलं असतं, तर आजारी माणसांच्या शेजारी बसून ‘विशेष काही नाही’ असा रिपोर्ट लिहावा लागला असता.

उलटाही घोळ होतो. मँकोझेब, म्हणजे शेतकऱ्यांचं लाडकं एम-४५, आणि त्याची भावंडं एकेकटी ओळखणं कठीण. म्हणून नमुना आम्लात उकळतात आणि त्यातून सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. व्याख्याही तशीच आहे, ‘डायथायोकार्बामेट्स, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात’. आता हा वायू कोबी, फ्लॉवर, कांदा, लसूण यांच्यातूनही निसर्गतःच सुटतो. त्यामुळे औषधाचा थेंब न पडलेला कोबीसुद्धा या चाचणीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. आणि याच औषधाला उष्णता लागली की तयार होणारं, थायरॉइडला त्रासदायक असलेलं इटीयू या आकड्यात येतच नाही. ते वेगळं शोधावं लागतं. नियमासाठी सोयीचा आकडा पोटासाठी पुरेसा असेलच असं नाही, तो असा.

आता थोडं तिळाबद्दल. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अवशेष सापडले. मग पाव, बिस्किटं, हमस, जिथे जिथे तीळ होते तिथून माल परत बोलावण्याची रांगच लागली. इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायला वापरतात तो वायू. तो कॅन्सरकारक आहे. तो स्वतः उडून जातो, पण पदार्थातल्या क्लोराइडशी त्याचा संयोग होऊन २-क्लोरोइथेनॉल मागे राहतं. युरोपची व्याख्या म्हणते, दोन्हींची बेरीज करा आणि ती तिळात किलोला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत ठेवा. अमेरिकेत त्या वेळी दोन्ही वेगवेगळे मोजले जात. वायूला ७ मिलिग्रॅमची मर्यादा आणि मागे राहिलेल्या पदार्थाला ९४० ची!

जरा हिशेब करू. समजा, किलोभर तिळात वायू शून्य आणि २-क्लोरोइथेनॉल १ मिलिग्रॅम आहे. रेणूंच्या वजनाप्रमाणे बेरजेत ते ०.५५ धरलं जातं. म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या ११ पट. अमेरिकेत? काठावरही नाही, आरामात पास. तीळ तेच, मशीन तेच, आकडा तोच. बदलली ती फक्त व्याख्या. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाल्यांवर बोट ठेवलं, तेही याच इथिलीन ऑक्साइडवरून. तेव्हा माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर जाम भांडणं झाली. अर्धे म्हणत होते, ‘आपल्याला बदनाम करतायत’, अर्धे म्हणत होते, ‘आपल्याला विष घालतायत’. नक्की काय मोजलं आणि कशात जमा केलं, हे एकानंही विचारलं नाही.

मी हे विचारायला शिकले त्याला कारण आहे २०१०. त्या वर्षी मी बारावीत होते. नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांसमोर नुसतं ‘सीसीसी’ म्हणा, तो सीझन त्यांना आठवेल. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे कीटकनाशक नव्हे, वेलीची वाढ आवरणारं संजीवक. एप्रिल छाटणीनंतर फुटी आटोक्यात राहाव्यात आणि घड चांगले धरावेत म्हणून ते मारत. युरोपातल्या तपासणीत द्राक्षांत ते ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. २० टन द्राक्षांत एक ग्रॅम, एवढीशी ती मर्यादा. इथून निघताना सगळ्यांचे रिपोर्ट पास होते. कुणी खोटे केले नव्हते. पण तपासायच्या यादीत सीसीसीच नव्हतं. शेकडो औषधं एका झटक्यात पकडणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते सापडतही नाही. ते पाण्यात इतकं विरघळतं, की त्याच्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते. जे विचारलंच नाही, ते रिपोर्टमध्ये कुठून येणार?

आमचा माल तिकडच्या बंदरात अडकला. निर्यातदारानं हात वर केले. आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो पास झालेला रिपोर्ट उलगडायचे आणि परत घडी घालायचे. ताईचं लग्न वर्षभर पुढे गेलं. सोसायटीचं कर्ज फेडायला पाच वर्षं लागली. मला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं होतं, पण बीएस्सी केमिस्ट्रीला फी कमी होती. तक्रार नाही. पण ‘पास’ या शब्दावर आंधळा विश्वास ठेवायची सवय घरातून गेली ती गेलीच. पुढे सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. २००३ मध्ये युरोपात मेथोमिल सापडल्यावर निर्यातीच्या द्राक्षांवर अवशेष-नियंत्रण योजना आली होती. तीच योजना अशा प्रत्येक ठेचेनंतर मोठी होत गेली.

आणखी एक गैरसमज जाता जाता. कमाल मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं नसतं. ही मर्यादा शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यावर शेतात जास्तीत जास्त किती उरतं, त्यावरून काढतात आणि मग ती आरोग्याच्या हिशेबात बसते का हे बघतात. तो हिशेब वजनावर चालतो. ६० किलोच्या माणसानं पाव किलो द्राक्षं खाल्ली आणि १२ किलोच्या पोरानंही तेवढीच खाल्ली, तर पोराच्या वाट्याला किलोमागे पाचपट जातं. म्हणून मर्यादा ओलांडणारा नमुना निर्धोक असू शकतो. आणि एखादं जहाल रूप मोजणीतूनच सुटलं, तर मर्यादेतला नमुनाही काळजीचा असू शकतो.

ताईला मी आता ‘सेफ आहे’ एवढंच म्हणून फोन ठेवत नाही. मी सांगते, द्राक्षं वाहत्या पाण्याखाली चोळून धू. वरवरचं बरंचसं जातं, झाडानं आत शोषून घेतलेलं जात नाही. रोज एकच फळ देऊ नकोस, आलटून-पालटून दे. आप्पांना सांगते, फवारणीची वही कोरी सोडू नका. काय मारलं, कधी मारलं, तोडणीला किती दिवस ठेवले, सगळं लिहा. लॅब काहीही शोधू शकते, पण काय शोधायचं हे त्या वहीतूनच कळतं.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. युरोपला निर्यात होणारी द्राक्षं तपासल्याशिवाय देशाबाहेर पडत नाहीत. वाकडच्या चौकातल्या हातगाडीवरची द्राक्षं कुणी अशी लॉटमागून लॉट तपासत नाही. देशभरातून नमुने गोळा करून तपासायची सरकारी योजना २००५-०६ पासून आहे, पण ती नमुन्यांपुरती. आमच्याच बागेतला निर्यातीचा घड शेकडो कसोट्या देऊन परदेशी जातो आणि त्याच्याच शेजारच्या वेलीवरचा घड गाडीवर येतो, तो माझा भाचा खातो. व्याख्या कितीही शहाणपणानं लिहिली, तरी ती लावायला समोर नमुना यावा लागतो. तो गाडीवरचा घड आमच्या टेबलावर क्वचितच येतो.