झुमके

गेल्या वर्षी एका कोड रिव्ह्यूला मी मोठे झुमके घालून गेले. सीनियर म्हणाला, "आज काय, लग्नाला जायचंय का?" सगळे हसले, मीही हसले. मग मी दाखवलेला बग कुणी नीट बघितलाच नाही. पंधरा दिवसांनी तो प्रॉडक्शनमध्ये फुटला. झुमके मी डब्यात टाकून दिले.

त्याच सुमारास 'मिस फिशर्स मर्डर मिस्ट्रीज' बघायला लागले. १९२० च्या दशकातलं मेलबर्न. काळ्या केसांचा बॉब, स्वतः चालवायची हिस्पानो-सुइझा गाडी, जवळ सोनेरी पिस्तूल. फ्रायनी फिशर खुनाच्या जागी शिरते तीच नटूनथटून. इन्स्पेक्टर जॅक रॉबिन्सनला सुरुवातीला ती नको असते. मला वाटलं, आता ही साधे कपडे घालेल, म्हणजे तरी ऐकतील. छे! पुढच्या खुनाला आणखी भारी हॅट.

पैसा आहे म्हणून जमतं, हे खरंच. पण मूळची ती कॉलिंगवुडच्या गरीब वस्तीतली पोर. महायुद्धात तरणे वारस मेले, म्हणून पदवी आणि इस्टेट तिच्या वडिलांकडे आली. गरिबी बघितल्यामुळेच असेल, मोलकरणी आणि कामगार काय सांगतात ते तिला ऐकू येतं. लेखिका केरी ग्रीनवुडही वकील होत्या, गरिबांच्या केसेस लढायच्या.

माझ्याकडे इस्टेट नाही, ईएमआय आहे. सोमवारी पुन्हा रिव्ह्यू आहे. डबा उघडलाय; एका झुमक्याची फिरकी सापडत नाहीये.