मठ्ठा

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न २०१९ साली झालं. तीनशे पानं उठली. जिलबी पुरून उरली, वरपक्ष हसतमुखानं परत गेला, मंगलाष्टकं म्हणताना कुणी सुरांशी उघड वैर धरलं नाही. आता मला विचारा, या लग्नातलं तुम्हांला काय आठवतं? मठ्ठा. 'मठ्ठा आंबट झालाय,' असं माझा आत्तेभाऊ म्हणाला होता. बाकीचे दोनशे नव्याण्णव लोक 'जेवण झकास हो!' म्हणून गेले, ते त्याच रात्री खाली सांडलेल्या अक्षतांबरोबर झाडून निघालं. मठ्ठा राहिला. (शाळेत मास्तर मला 'मठ्ठ' म्हणत. तेही लक्षात आहे. एकदा त्यांनी पाठ थोपटली होती असं आई सांगायची. मला आठवत नाही.)

आत्तेभावाशी मी भांडलो वगैरे नाही हं. आमच्या घराण्यात भांडत नाहीत, फोन करायचे राहून जातात. दिवाळीचा राहिला, मग त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा राहिला. राहता राहता वर्षं गेली.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, असं वाचलं तेव्हा बरं वाटलं. रॉय बाउमाइस्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तिघा सहकाऱ्यांसह २००१ साली लांबलचक लेख लिहून दाखवून दिलं, की वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. पूर्वजांपैकी गोड बोरांची जागा जो विसरला तो एक दिवस उपाशी राहिला. वाघाची जागा जो विसरला त्याला पुढं काही आठवायची गरजच उरली नाही. म्हणजे आपण सगळे वाघ लक्षात ठेवणाऱ्यांचे वंशज. फक्त माझ्या वाट्याला वाघाऐवजी मठ्ठा आला.

मग मी निश्चय केला, की मठ्ठ्याचा विचार करायचाच नाही. यावरही प्रयोग झालेला आहे. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. आणि नंतर विचाराला मोकळीक दिली, तेव्हा या मंडळींच्या मनात अस्वल जास्तच यायला लागलं. आमच्याकडे घंटेची पद्धत ठेवली असती तर शेजाऱ्यांना वाटलं असतं, यांच्याकडे बारा महिने आरती. मन एका सांगण्यात ऐकत नाही हे समर्थांना ठाऊक होतं, म्हणून तर मनाची समजूत घालायला त्यांनी दोनशे पाच श्लोक खर्च केले.

शेवटी धाकट्या मुलीनं उपाय काढला. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला. रोज रात्री त्या दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचं. आठवडाभर. मी एक जुनी डायरी काढली आणि लिहिलं: एक, दूध नासलं नाही. दोन, लिफ्ट बंद पडली नाही. तीन, डावा गुडघा दुखला नाही.

हिनं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "अहो, यातली एकही गोष्ट चांगली नाही. सगळ्या 'वाईट झालं नाही'च्या आहेत."

चौथ्या रात्री गोष्टी संपल्या. ही म्हणाली, "आजचं सुचत नसेल तर लग्नातलं लिहा काहीतरी. पाठवणीनंतर तुम्ही कुठं गायब झाला होतात?"

मी आठवायला लागलो. पाठवणी झाली होती. मी हॉलच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. रडत नव्हतो, चष्मा पुसत होतो. मंडप काढणाऱ्यांचे हातोडे चालू होते. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन बसलं. आत्तेभाऊ. हातात स्टीलचा पेला. त्यानं आधी स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्यापुढं धरला. "मठ्ठा आंबट झालाय रे, पण पी. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

दुपारी बाराचा मठ्ठा संध्याकाळी साडेसातला आंबट होणार नाही तर काय होणार? आणि मी प्यायलो होतो. दोन पेले.

वाक्याची शेपटी तेवढी इतकी वर्षं गाळली होती. डायरीत काही लिहिलं नाही. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी फोन लावला. त्यानं घाईघाईनं उचलला.

"काय रे, कोण गेलं?"

"कुणी नाही. मठ्ठ्याचं बोलायचं होतं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "कुठला मठ्ठा?"