पुसता न येणारी नोंद

११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डे २८ देशांतल्या एटीएममध्ये चालू लागली. काही तासांत परदेशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून अडीच कोटींच्या आसपास गेले, त्यांतले काही कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

हे जमले कसे? एटीएमची विचारणा बँकेच्या स्विचमधून मुख्य प्रणालीकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मग होकार येतो. चोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला. तोच प्रत्येक विचारणेला होकार देत राहिला. मुख्य प्रणालीपर्यंत विचारणा पोहोचलीच नाही, तर तिथल्या लॉगमध्ये ती दिसणार कुठून? व्यवहारांचा माग बाहेर होता, व्हिसा आणि रुपेच्या जाळ्यावर.

त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर ‘स्विफ्ट’मार्गेच गेले होते. तिथे घुसलेल्या प्रोग्रॅमने ‘स्विफ्ट’च्या संगणकातल्या नोंदी पुसल्या आणि पुष्टीचे संदेश छापणारा प्रिंटरही गप्प केला.

ज्याच्या हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड, त्याच्या हाती त्याच सर्व्हरवरचा लॉगही असतो. म्हणून ऑडिट लॉगची प्रत लिहिली जाताक्षणी बाहेरच्या देखरेख सेवेकडे गेली पाहिजे, आणि तिथली नोंद खोडण्याचा अधिकार संस्थेतल्या कोणालाच नसावा. ही कल्पना जुनी आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटचा हिशेब जुळेना, तेव्हा क्लिफर्ड स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींना वेगळे प्रिंटर जोडले. घुसखोराला त्या प्रिंटरांचा पत्ता लागला नाही; तो टाइप करील ते कागदावर उतरत राहिले.

आता खानापूर तालुक्यातल्या गुंजीसारख्या गावांकडे येऊ. अशा गावांपासून निपाणीपर्यंत पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांवर शेतकऱ्यांची, गवंड्यांची, निवृत्त शिक्षकांची ठेव आहे. पावसाळ्यात या घाटमाथ्यावर वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. लॉग पाठवण्याची जुनी सिसलॉग पद्धत पोच न घेणाऱ्या यूडीपीवर चालते. वाटेत संदेश हरवला तर पाठवणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. इथे पोच घेणारे टीसीपी आणि मजकूर कूटबद्ध करणारे टीएलएसच हवे. नेट गेले तर नोंदी शाखेतल्या संगणकावर रांगेत थांबाव्यात, प्रत्येकीला क्रमांक असावा, आणि जोडणी परतताच त्या क्रमाने रवाना व्हाव्यात. क्रमांक तुटला की देखरेख करणाऱ्याला लगेच समजते. घड्याळेही जुळलेली हवीत; दोन यंत्रांत सात मिनिटांचा फरक असेल तर आधी काय घडले हेच ठरत नाही.

सगळेच पाठवू नये. कोणी लॉगिन केले, कोणाचे अधिकार वाढवले, व्याजदर किंवा खात्याचा मोबाइल क्रमांक कोणी बदलला, सुटीच्या दिवशी कोण आत शिरले, एवढे जावे. पासवर्ड, पिन, आधार क्रमांक कधीही नाही. आणि लॉग येणे बंद झाले, तर तीच सर्वांत मोठी धोक्याची सूचना मानावी. बऱ्याच ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

नियम काही प्रमाणात पुढे सरकले आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे. हा दुसरा नियम कंपनी कायद्यातला; सहकारी सोसायट्यांना तो लागू नाही. त्यामुळे आग्रह सभासदांनीच धरायला हवा.

तुमच्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांना विचारा: आपला लॉग कुठे जातो, तो कोण पुसू शकतो, आणि कालचा लॉग कोणी पाहिला? मिळालेले उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.