भिंतीवर किती विटा काढायच्या

एलिव्हेशन १:१०० ला काढायचे, तर सांध्यासकट ७५ मिलिमीटरचा विटांचा थर कागदावर पाऊण मिलिमीटर येतो. प्रत्येक थराला ०.३ च्या पेनाची एक आडवी रेघ ओढली की भिंत ४० टक्के काळी झाली. सावली तर अजून टाकायचीच आहे. ०.१ चे पेन घेतले तर हेच काळेपण १३ टक्क्यांवर येते. वीट दाखवणारी रेघ उजेडही ठरवते. रेखाचित्रातल्या पोताची खरी अडचण ही, आणि मला त्यातला आनंदही इथेच सापडतो.

*

जॉर्जेस विंकेनबाख आणि डेव्हिड सेलेसिन यांचा १९९४ चा, सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेतला निबंध या विषयावरचा मला सर्वांत शहाणा वाटतो. संगणकाकडून शाईची वास्तुचित्रे काढून घेताना त्यांनी पोत म्हणजे फोटोचा तुकडा असे मानलेच नाही. त्यांच्याकडे पोत म्हणजे रेघांचा साठा, आणि त्या रेघांना अग्रक्रम. आधी विटांच्या कडा, मग एकेका विटेवरची छटा, शेवटी सगळ्या विटांवरून जाणाऱ्या तिरप्या रेघा. हवा तेवढा गडदपणा आला की थांबायचे. शिवाय पोत सगळीकडे भरायचा नाही. तपशील कुठे हवा ते माणसाने चित्रावर खूण करून सांगायचे. ही निवड त्यांनी यंत्रावर सोडली नाही, याचे मला फार मोल वाटते.

*

खूण कुठे करावी? पागोळीखाली, चौकटीलगत, कोपऱ्यावर. उन्हातल्या भिंतीच्या मध्यभागी कधीच नाही.

*

स्केचअप या संगणक-प्रणालीत कडा हाताने ओढल्यासारख्या करता येतात. कोपऱ्यावर रेघा एकमेकींच्या पुढे जातात. छान दिसते. पण त्याच कडांच्या आत जांभ्याचा फोटो चिकटवला की चित्र दुभंगते. कडा म्हणतात, अजून विचार चालू आहे. दगड म्हणतो, माल येऊन पडला.

*

जांभा अवघड. विटेची ओळख सांध्यात असते, जांभ्याची चिऱ्याच्या अंगावरच्या छिद्रांत. फोटोचा पोत भिंतभर पसरला की त्यातले एखादे मोठे भोक ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते, आणि डोळा घर सोडून तेच मोजत बसतो. हाताने काढताना चार-दोन चिऱ्यांच्या सावलीकडच्या कडेला तुटक, वाकड्या रेघा आणि थोडे ठिपके पुरतात. शेजारच्या चिऱ्यांची नुसती बाह्यरेघ काढावी.

*

दूर जाणारी भिंत. तिच्यावर चिकटवलेला पोताचा फोटो लहान होतो तशा त्यातल्या रेघाही बारीक होतात आणि शेवटी राखाडी चिखल उरतो. प्राउन, होप, वेब आणि फिंकलस्टाइन यांनी २००१ मध्ये यावर उपाय दिला: प्रत्येक आकारासाठी आणि गडदपणासाठी वेगळी प्रतिमा; लहान प्रतिमेतही रेघेची जाडी तीच, संख्या कमी. फिक्या प्रतिमेतल्या रेघा गडद प्रतिमेत जागच्या जागी राहतात, वर नव्या पडतात. त्यामुळे चालत्या दृश्यात रेघा लुकलुकत नाहीत. कागदावर काम करणाऱ्यानेही हे उचलावे: लांबच्या भिंतीला बारीक पेन नको, कमी रेघा हव्यात.

*

१९९६ मध्ये शूमान, श्ट्रोटहोटे आणि सहकाऱ्यांनी वास्तुरचनाकारांना विचारून पाहिले, तेव्हा पहिला कच्चा विचार दाखवायला पसंती स्केचला मिळाली. जे ठरलेले नाही ते ठरल्यासारखे दाखवू नये, हा नियम पोतालाही लावावा. जोत्याला काळा दगड ठरला असेल, तर तो नीट काढावा. वरच्या मजल्याला गिलावा की उघडी वीट हे ठरले नसेल, तर तिथे एकही वीट काढू नये. त्या कोऱ्या भिंतीवरच घरमालकाशी पुढचे बोलणे व्हायचे आहे.