कुर्लीच्या डिंभकांचे पोषण

कांदळवनातील चिंबोरीची, म्हणजेच मालवणी मुलखातील कुर्लीची, एक मादी पोटाखाली दहा लाखांहून अधिक अंडी वाहते. तरीही बीजोत्पादन केंद्रात त्यांतून हाती येणारी पिल्ले शेकडा थोडीच असतात, आणि ही घट अन्नाशी किती निगडित आहे, हे टाक्यांवर रोज काम करणाऱ्याला हळूहळूच उमगते. अंड्यातून निघणाऱ्या डिंभकाला, म्हणजे प्रौढाशी रूपाने न जुळणाऱ्या बाल्यावस्थेला, झोइया म्हणतात. तिच्या पाच अवस्था असून पाचव्यांदा कात टाकल्यावर नांग्या असलेली मेगालोपा ही अवस्था येते. झोइया भक्ष्याचा फारसा पाठलाग करीत नाही, आटोक्यात आलेलेच पकडते. म्हणून आरंभी रोटिफर हे सूक्ष्म प्राणी पाण्यात दाट ठेवावे लागतात, आणि दिवसाचे काम सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मोजणी करण्यापासूनच सुरू होते.

मात्र रोटिफरने जे खाल्ले असेल, तेच डिंभकाला मिळते. त्यामुळे नॅनोक्लोरॉप्सिससारख्या सूक्ष्म शैवालांची शेती आधी जमवावी लागते, कारण डिंभकाला आवश्यक असलेली लांब साखळीची मेदाम्ले तिच्यातूनच पुढे जातात. पुढच्या अवस्थांत आर्टेमियाची पिल्ले देतात. या खाऱ्या सरोवरांतील कवचधारी प्राण्याची सुकी अंडी समुद्राच्या पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात, परंतु पिल्लांतील मेदसाठा काही तासांतच घटत असल्याने ती ताजीच द्यावी लागतात.

या कामातील सर्वांत क्लेशदायक प्रसंग पाचव्या झोइयानंतर येतो: कात अर्धीच सुटते, पाय जुन्या कवचात अडकतात आणि काल पोहणारे डिंभक तळाशी साचतात. त्या दिवशी पाण्यात दोष शोधणे स्वाभाविक असले, तरी मूळ पुष्कळदा आरंभीच्या आहारात असते. उलट, मेदाम्लांचा अतिरेकही घातक ठरतो, कारण नांग्या वेळेआधी वाढतात आणि कातीतून सुटत नाहीत, असे जपानी अभ्यासकांनी दाखविले आहे.

मेगालोपा मात्र एकमेकांनाच खातात. टाकीत जाळीचे आडोसे सोडून व त्यांची दाटी कमी करून हे आवरते, थांबत नाही. खाडीतून पिल्ले धरून केलेल्या कुर्लीपालनाचा नैसर्गिक साठ्यावर पडणारा भार पाहता, या टप्प्यावर वाचलेले प्रत्येक पिल्लू मोलाचे ठरते.