पाठीची माती

उसाला तुरे आले की आमच्याकडे वर्ष संपत आलेलं असतं. आष्ट्याहून सांगलीला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ते रुपेरी झुपके वाऱ्यावर डुलत राहतात. मधूनच उसाने लादलेली एखादी ट्रॉली गाण्याचा आवाज मागे सांडत कारखान्याकडे निघून जाते. याच दिवसांत वर्तमानपत्रं सरत्या वर्षाचा हिशेब मांडायला घेतात. कुणी काय जिंकलं, कुणाच्या किती धावा झाल्या, आनंदाचे क्षण कोणते. २०२५ च्या हिशेबात पानोपानी स्मृती मानधना होती, आमच्या सांगलीची. तिच्या वर्षातली सगळ्यात लाडकी आठवण कोणती असेल असं कुणालाही विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं : २ नोव्हेंबरची रात्र, नवी मुंबई, विश्वचषक.

असेलही. तिच्या आठवणी तिच्यापाशी. पण तिचं ते वर्ष आमच्याही घरी येऊन राहिलं होतं. सोप्यातल्या टीव्हीसमोर, माझ्या आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या मधोमध. त्यातलं मी काय जपून ठेवलंय ते सांगायचं, तर आधी आबांकडे जावं लागेल.

आबा, म्हणजे माझे वडील, पैलवान होते. फार मोठे नव्हेत. जत्रेतल्या हलगीवाल्याला नाव ठाऊक असावं, एवढे. त्यांचं वर्ष पंचांगापेक्षा मैदानांवर चालायचं. पावसाळाभर तालीम, दिवाळी सरली की कुस्त्या, चैत्रात जत्रांची झुंबड. ज्येष्ठात गावचा भावई उत्सव आला की ते पुन्हा तालमीतल्या मातीपाशी जाऊन बसत. त्या मातीत ताक, हळद, तेल, कापूर घालून ती हातांनी मळायची असे. त्या दिवसांत आबांच्या अंगाला येणारा वास मला आजही डोळे मिटून ओळखता येईल.

मी तिसरीत असताना एका जत्रेत आबा हरले. वारणेपलीकडचं एक कोवळं पोर होतं समोर. आबांच्या निम्म्या वयाचं. पाच मिनिटांच्या आत त्याने घिस्सा मारला आणि आबांची पाठ लागली. निकाली कुस्तीत जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, हलगी त्याच्यापुढे कडाडत जाते. हरलेला आखाड्याच्या कडेकडेने आपले कपडे शोधत फिरतो. त्याच्या पाठीला लाल माती लागलेली असते. ती साऱ्या मैदानाला दिसते, फक्त त्याला एकट्याला दिसत नाही.

आबांनी ती झटकली नाही. तशाच अंगावर सदरा चढवला, मला कडेवर घेतलं आणि निघाले. घरी पोचलो तेव्हा आईने पाणी तापवून ठेवलं होतं. आबा म्हणाले, ‘‘आजच्या रात राहू दे.’’ आणि घोंगड्यावर पालथे झोपले. कंदिलाच्या उजेडात सदऱ्यातून पाझरलेला तो तांबूस डाग मी कितीतरी वेळ बघत होते. पुढे ते म्हातारे झाले. ट्रंकेत जिंकलेले फेटे होते, चांदीचं एक कडं होतं. पण नातवंडांनी कुस्तीची गोष्ट सांगा म्हटलं की आबा तीच सांगायचे. ते पोर कसं उभं राहिलं, त्याने हात कुठे घातला, आपला तोल नेमका कुठे गेला. इतकं बारीक, की जिंकलेली एकही कुस्ती त्यांना तेवढी आठवत नसे.

कवठेपिरानचे मारुती माने म्हणजे त्यांचं दैवत. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य आणलं. दोन वर्षांनी ते हिंदकेसरी झाले. गावात विषय निघाला की सगळे सुवर्णाचं बोलत. आबा एकटेच विचारत, ‘‘सोन्याचं समदी सांगत्यात. त्या चांदीची गोष्ट कोण सांगंल?’’

तालमीचा उंबरा मात्र मी कधी ओलांडला नाही. मुलींनी ओलांडायचा नव्हता. बाहेरच्या दगडावर बसून मी आतले हुंकार ऐकायची. आष्ट्याहून सांगलीला जाताना वाटेत तुंग लागतं. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती गदा तुंगच्या प्रतीक्षा बागडीने उचलली. आबा तोवर गेले होते. मी बातमीचा तो कागद कापून त्यांच्या ट्रंकेत, फेट्यांच्या घडीवर ठेवला.

स्मृतीची वाट वेगळी. जन्म मुंबईचा, पण दोन वर्षांची असताना घरचे सांगलीला आले. वडील आणि भाऊ दोघेही क्रिकेटचे. भाऊ श्रवण याच्या मागून ही मैदानात गेली. तशी उजव्या हाताची, पण बॅट धरली डावखुरी. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी १९ खालच्या. २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध नाबाद २२४. आमची भाचीही उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते आणि अंगणात बॅट डावखुरी धरते. कुणी शिकवलं असं विचारलं की टीव्हीकडे बोट दाखवते.

तर २०२५. जूनच्या २८ तारखेला, वारकरी पंढरीच्या वाटेवर असताना, स्मृतीने नॉटिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध ६२ चेंडूंत ११२ केल्या. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीमधलं तिचं पहिलं शतक. कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी अशा तिन्ही प्रकारांत शतक करणारी ती पहिली भारतीय बाई ठरली. सामनाही ९७ धावांनी जिंकला. भाची दोन दिवस नाचत होती. मी खूश होते, पण सांगायचं ते यापुढचं आहे.

२० सप्टेंबर, दिल्ली. पितृपंधरवड्याचा शेवट. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, म्हणून मी स्वयंपाकघरात वड्यांची डाळ भिजत घालत होते. ऑस्ट्रेलियाने ४१२ केल्या होत्या. एवढं ओझं डोक्यावर घेऊन कोण धावतं? भाचीच्या हाका सुरू झाल्या. आत्या, चौकार. आत्या, षटकार. आत्या, ये की गं बाहेर! डाळीचे हात पदराला पुसत आले ती तिथेच उभी राहिले. त्या डाव्या मनगटात काय होतं त्या दिवशी! चेंडूला ती मारत नव्हती, वाट दाखवत होती. कव्हरमधून गेलेला चेंडू गवतावर अशी सरळ रेघ ओढत जायचा, की नांगराच्या पहिल्या तासाची आठवण व्हावी. पन्नास चेंडूंत शतक. पुरुष असो की बाई, एकदिवसीय क्रिकेटमध्ये भारताकडून इतक्या कमी चेंडूंत कुणी केलं नव्हतं. आधीचा ५२ चेंडूंचा विक्रम विराट कोहलीचा. ६३ चेंडूंत १२५ करून ती परतली. संघ ३६९ पर्यंत गेला आणि ४३ धावांनी हरला.

दुसऱ्या दिवशी आबांचं पान वाढताना माझ्या मनात तेच होतं. आयुष्यातला असा डाव, आणि खाली हरल्याची नोंद. आबा असते तर म्हणाले असते, कुस्ती चांगली झाली. हरण्याजिंकण्याच्या आधी ते नेहमी हेच एक बघत.

मग विश्वचषक आला. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला तिने ८० केल्या. एका वर्षात एकदिवसीय सामन्यांत हजार धावा तिने तिथे ओलांडल्या, बायकांच्या क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. आधीचा उच्चांक बेलिंडा क्लार्कचा १९९७ सालचा, ९७० चा. संघाच्या ३३० झाल्या, आणि ऑस्ट्रेलियाने त्याही पार केल्या. पुन्हा हार.

आणि १९ ऑक्टोबर, इंदूर. उद्या पहाटे पहिली अंघोळ, म्हणून उटण्याची वाटी, तेल, पाट सगळं काढून ठेवलं होतं. इंग्लंडच्या २८८ होत्या. स्मृती आणि कर्णधार हरमनप्रीतने डाव असा बांधत आणला होता, की मी मनातल्या मनात देवापुढे साखरही ठेवून टाकली. पन्नास-पंचावन्न धावा हव्या, चेंडूही जवळपास तितकेच, हातात गडी भरपूर. ८८ वर असताना स्मृतीने लिन्सी स्मिथला उंच उचललं. चेंडू वर गेला तेव्हाच भाचीने उशी तोंडावर धरली. लाँगऑफला झेल. त्यानंतर धावा आटत गेल्या, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात आटतं तशा. चार धावांनी हरलो.

भाची म्हणाली, ‘‘कशाला मारली गं तिनं वर?’’

मी काहीच बोलले नाही. मग स्मृती पत्रकारांसमोर आली. तिला पळवाटा पुष्कळ होत्या. ती गेल्यावर पुढच्या कुणालाही ते जमलं नव्हतं; तसं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. तिने सांगितलं ते एवढंच, की फटके निवडण्यात चूक झाली आणि ती चूक माझ्यापासून सुरू झाली, म्हणून ती मी माझ्यावर घेते. आवाज वर नाही, खाली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. मला आखाड्याच्या कडेने चाललेले आबा दिसले. साऱ्या मैदानाला दिसणारी पाठीची माती त्यांनी सदऱ्याखाली घेतली होती आणि घरी आणली होती. इथे ही एकोणतीस वर्षांची मुलगी साऱ्या देशाकडे पाठ करून म्हणत होती, बघा, लागलीय.

त्या रात्री ती मला जितकी आमची वाटली, तितकी आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. जिंकल्यावर माणूस सगळ्यांचा होतो आणि ते योग्यच आहे. त्याचे फलक लागतात, फेटा बांधायला हजार हात पुढे येतात. हरून आलेल्यासाठी पाणी तापवून ठेवतात ती घरची माणसं. इंदूरच्या रात्री या कृष्णाकाठी अशा किती सोप्यांतून माणसं न झोपता पडून राहिली असतील! पहाटे चारला उठून मी पोरांना उटणं लावलं तेव्हा माझे डोळे चुरचुरत होते. भाचीच्या पाठीला तेल चोळताना ती म्हणाली, ‘‘आत्या, ती पण उठली असंल का गं आता?’’

चार दिवसांनी भाऊबीज. दादाला ओवाळलं, भाचीने तिच्या धाकट्या भावाला ओवाळलं. तोच तिला अंगणात गोलंदाजी करतो, म्हणून ओवाळणीत त्याच्याकडून तिने टेनिसचे दोन नवे चेंडू वसूल केले. दुपारी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्धचा सामना. हरलो असतो तर उपांत्य फेरीची वाट फार अवघड झाली असती. स्मृतीने प्रतीका रावलबरोबर २१२ धावांची सलामी दिली. प्रतीकाच्या १२२, हिच्या १०९. इंदूरची माती अंगावर वाळलेली असतानाच तिने हे केलं. भावामागून मैदानात गेलेल्या मुलीने भाऊबीजेच्या दिवशी शतक करावं, हे मला फार गोड वाटलं. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी मात्र निरांजनातली वात थोडी पुढे सारली.

उपांत्य सामना जेमिमाचा होता. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग, नाबाद १२७. स्मृतीच्या २४. त्याबद्दल खूप लिहून झालंय.

अंतिम सामना कार्तिकी एकादशीला आला. घरात उपवास, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. पंढरपुरात चंद्रभागेला गर्दी आणि नवी मुंबईत पाऊस. सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला. मैदानाला नाव डी. वाय. पाटलांचं, म्हणजे आमच्या शेजारच्या कोल्हापूरचंच माणूस, एवढाही आधार त्या दिवशी पुरे वाटत होता. स्मृती आणि शफालीने १०४ ची सलामी दिली. स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा मला २०१७ चं लॉर्ड्‌स आठवलं. तिला नुकतं एकविसावं वर्ष पूर्ण झालं होतं, अंतिम सामन्यात ती शून्यावर गेली आणि भारत नऊ धावांनी हरला. आठ वर्षं ती माती तिच्या पाठीवर होती. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८ आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिकेची वूल्वार्ट १०१ करून गेली तेव्हा घड्याळात बारा वाजायला आले होते. हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा द्वादशी लागली होती. ५२ धावांनी जिंकलो. पायाला दुखापत झालेली प्रतीका चाकाच्या खुर्चीतून मैदानात आली. आधीच्या पिढीतल्या मिताली आणि झूलन यांच्या हाती चषक देण्यात आला. मी देवघरात जाऊन साखर ठेवली, इंदूरची राहिलेली आणि आजची. पारणं पहाटे फेडायचं, तेवढाही धीर कुणाला नव्हता. दादाने फटाक्यांची दिवाळीतली उरलेली माळ लावली आणि गल्लीतली कुत्री उसात पळाली.

सकाळी भाची शाळेला गेलीच नाही. घरामागच्या मोकळ्या रानात पोरापोरींचा खेळ मांडला होता. मी तुळशीच्या लग्नासाठी उसाची पाच वाढं आणायला बांधावर गेले होते. कुणीतरी चेंडू उंच मारला. भाची मागे धावली, धावली, हरमनप्रीतसारखी, आणि पाय ढेकळात अडकून उताणी पडली. चेंडू निसटला. फ्रॉक मागून काळ्या मातीने पार माखला. मी वाढं टाकून गेले, तिला उभं केलं आणि झटकायला हात उचलला.

‘‘राहू दे गं आत्या,’’ ती म्हणाली, ‘‘आजून खेळायचंय.’’